टेलरमामांची चिंधी

पडद्याचं माप द्यायला आलेलं माणूस पडद्यापुरतं बोलून गेलं तर मला बरं वाटतं. पण तसं होत नाही. मागच्या खोलीचं दार उघडं दिसलं की त्याची नजर आत जाते आणि ठरलेला प्रश्न येतो, "अय्या, हा कसला पोपट? असा कुठे मिळतो?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं हे मला कळतं. तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते ती जातेच. मामा शांतपणे म्हणतो, "मिळत नाही." मी म्हणते, "मिळतो ना, तेच तर दुखणं आहे." मग गिऱ्हाईक माप विसरून माझ्या तोंडाकडे बघत बसतं आणि मामा मला डोळ्यांनी दटावतो.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. पडदे, सोफ्याची कव्हरं, गाद्यांच्या खोळी शिवतो. त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्याला टेलरमामा म्हणतात आणि त्यालाही त्याचं काही वाटत नाही. मी शिवण त्याच्याच हाताखाली शिकले, आता पुढचं दुकान मी बघते. स्वभावाने तो इतका मवाळ की गिऱ्हाइकाने कापड कमी आणलं तर त्याला न सांगता स्वतःच्या गाठोड्यातला तुकडा जोडून देतो. वर गिऱ्हाईकच म्हणतं की मामा, शिलाई जरा जास्त झाली. अशा वेळी मामा हसतो आणि मी आतल्या आत धुमसत राहते. त्याच्या वाट्याचा सगळा राग माझ्याकडे आला असावा, कारण माझ्या एकटीचा इतका असणं शक्य नाही.

मागच्या खोलीत एका भिंतीला शिवायचं मशीन, दुसऱ्या भिंतीला पिंजरे. पिंजऱ्यांत लव्हबर्ड, म्हणजे मुठीत मावतील एवढे छोटे पोपट. इतकी पाखरं जगात असताना हीच का, असं मी एकदा विचारलं होतं. मामाने सोफ्याच्या कव्हरचा जुना खाकी कागदाचा नमुना घेतला आणि पिंजऱ्यात सरकवला. आतली मादी कागदाची कड चोचीत धरून शिवणाच्या सुईसारखी टोचत टोचत पुढे गेली आणि कडेची लांब, सरळ पट्टी सुटून आली. "खडूची रेघ नाही, कातर नाही," मामा म्हणाला. "आता तुझी झालर बघ." माझी झालर बघण्याच्या लायकीची नव्हती, म्हणून मी विषय बदलला.

त्याच्याकडे दोन जातींची पाखरं होती आणि त्याने ती कायम वेगळी ठेवली होती. एक जात गुलाबी तोंडाची. दुसरीच्या डोळ्याभोवती पांढरं कडं, म्हणून आमच्या घरात ती चष्मेवाली. दिसायला भावंडं, पण दोन्ही घरांची रीत निराळी. गुलाबी मादी कापलेली पट्टी मान वळवून पाठीवर, शेपटीच्या वरच्या पिसांत खोचते. एक खोचली की दुसरी, मग तिसरी, आणि सगळा भारा पाठीवर घेऊन घरट्याच्या खोक्याकडे उडते. चष्मेवाली असले नखरे करत नाही. एक पट्टी चोचीत धरते आणि सरळ घेऊन जाते. हे कुणी शिकवत नाही. आईबापांचं तोंड न बघता वाढलेलं पिल्लूसुद्धा मोठं झालं की आपल्याच जातीसारखं करतं, असं मामाने बघितलेलं आहे.

चूक झाली ती मामाच्याच हातून, आणि पाखरं पाळणाऱ्याच्याच हातून होईल अशी. एका हिवाळ्यात गुलाबींपैकी एका मादीचा नर गेला. त्याच सुमाराला चष्मेवाल्यांचं एक कोवळं, अजून अंड्यावर न आलेलं जोडपं होतं, त्यातलंही एक पाखरू गेलं. मागे राहिलेली दोघंही खाईनात. ही पाखरं एकटी पडली की पिसं उपटून घेतात, कोपऱ्यात तोंड घालून बसतात. यांच्यात नर-मादी दिसायला अगदी सारखे असतात. जाणकार पोटाखालची हाडं बोटाने चाचपतात आणि हाडांमधल्या अंतरावरून ठरवतात. कापडाचा पोत डोळे मिटून सांगणाऱ्या मामाच्या बोटांवर गावातल्या सगळ्या पाखरं पाळणाऱ्यांचा भरवसा होता. बोटांनी सांगितलं, मागे राहिलेलं चष्मेवालंही मादीच आहे. "दोघी बायकाच आहेत," मामा म्हणाला, "बसू देत एकमेकींजवळ." आणि त्याने त्यांना एका पिंजऱ्यात ठेवलं. मामीने लगेच त्या पिंजऱ्याचं नाव विधवाश्रम ठेवलं.

दोघी खायला लागल्या. एकमेकींची मान साफ करायला लागल्या. झोपायला जागा म्हणून मामाने एक खोका टांगला, त्यात अंडी दिसली, तरी कुणाच्या मनात काही आलं नाही. दोन माद्या एकत्र असल्या तरी अंडी घालतात, ती पोकळ असतात, उबवून उबवून कंटाळल्या की सोडून देतात. मामाने हात लावला नाही. मग एका सकाळी मी दुकान उघडत होते तर आतून मामीचा आवाज आला, "अहो, उठा. तुमच्या विधवाश्रमात पाळणा हलला."

बाकीची अंडी फुटलीच नाहीत. एकच पिल्लू निघालं. त्याला पिसं फुटली तशी आम्ही बघतच राहिलो. अंग हिरवं पण त्यात पिवळी झाक, तोंड शेंदरी, चोच ना धड लाल ना धड पांढरी, आणि डोळ्याभोवती कडं होतं पण खडूने आखून पुसल्यासारखं पुसट. उरलेल्या सगळ्या तुकड्यांतून कुणीतरी शिवलेली वाटायची, म्हणून तिचं नाव चिंधी. देखणी होती, यात वाद नाही. दुकानात येणारी बाई मापं द्यायची सोडून तिच्यासमोर उभी राहायची. मामा मात्र पहिल्या दिवसापासून खुशीत नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "माझ्या बोटांनी खोटं सांगितलं." त्या चुकीचं खापर त्याने कधी दुसऱ्या कशावर फोडलं नाही.

चिंधी मोठी झाली आणि तिने पहिल्यांदा कागद कापला तेव्हा पट्टी इतकी सुरेख आली की मामाच्या तोंडून वा निघून गेलं. मग तिने मान वळवली आणि आईसारखी पट्टी पाठीत खोचली. खोचली, पण चोच सोडेना. मान पुढे आली तशी पट्टीही पुढे आली. पुन्हा मान वळवली, पुन्हा खोचली, या वेळी चोच सोडली तर पिसं मिटली नाहीत आणि पट्टी खाली. खालून उचलली. चोचीत धरून खोक्याकडे चार पावलं गेली, चष्मेवाल्यांसारखी अगदी बरोबर, आणि खोका समोर असताना थांबली, मान वळवली, खोचायला गेली. पट्टी खाली.

आम्ही हसलो. हसण्यासारखंच होतं. पण ती थांबेना. दुपारी जेवणं झाली तरी तेच, दिवे लागले तरी तेच. पिंजऱ्याच्या तळाशी पट्ट्यांचा ढीग, एकूण एक सरळ, आणि खोक्यात एकही नाही. दुसऱ्या दिवशी परत. मग मामा हसायचा थांबला, आणि तो थांबला तशी मामीही. गिऱ्हाइकं थांबली नाहीत. एकीने तर मोबाईल काढून दहा जणींना दाखवायला शूटिंग केलं आणि म्हणाली, "किती क्यूट, विसरते बिचारी." मामाने त्या संध्याकाळी उरलेल्या निळ्या कापडाचा एक छोटा पडदा शिवला, वर रिंगा लावल्या आणि चिंधीच्या पिंजऱ्यापुढे टांगला. गिऱ्हाईक आलं की तो पडदा ओढायचा. आयुष्यभर लोकांच्या खिडक्यांना पडदे शिवले, पण इतक्या मनापासून शिवलेला मी हा एकच बघितला.

ती बातमी पाखरंवाल्याच्या कानावर जाणारच होती. चौकातलं त्याचं दुकान म्हणजे पुढे माशांच्या काचा आणि मागे पिंजरे. माणूस गोडबोल्या. आल्या आल्या मामीच्या चहाची तारीफ, माझ्या शिवणाची तारीफ, मग मागच्या खोलीत जाऊन चिंधीसमोर हात जोडून उभा.

"टेलरमामा, तुम्ही नवी जात काढलीत."

"जात नाही. चूक झाली माझी."

"चूक कसली? मोठ्या पोपटांत लोक मुद्दाम करतात. दोन जातींचे मकाव एकत्र ठेवायचे, पिल्लाला झकास नाव द्यायचं, गिऱ्हाईक रांग लावतं. तुमची जोडी द्या मला, बाकी मी बघतो."

"हिला पिल्लं होणार नाहीत. अंडी पोकळ निघतील. आणि घरटंसुद्धा बांधता येत नाही तिला."

"गिऱ्हाईक थोडंच घरटं बघतंय? ते रंग बघतं."

मामा म्हणाला, "नाही." एवढंच. तो निघाल्यावर मामाने चिंधीच्या आईबापांचा खोका काढून माळ्यावर टाकला. दोघांना वेगळं करणं त्याच्या जिवावर आलं होतं, एकदा जोडीदार गमावलेल्यांना पुन्हा कुठे तोडायचं? पण खोका नसला की ही पाखरं सहसा अंड्यावर येत नाहीत. एकत्र राहा, सुखात राहा, पण पुढे वाढवू नका, असा त्याने मार्ग काढला. त्याच्या परीने त्याने ते प्रकरण मिटवलं होतं.

आता राजे. राजे म्हणजे मामाचा एकुलता एक मुलगा, माझा मामेभाऊ. हे नाव मामीने लाडाने ठेवलं आणि आम्ही बाकीच्यांनी ते दुसऱ्या अर्थाने चालू ठेवलं. सकाळी उठायचं ते राजासारखं आणि कामाचं नाव निघालं की दरबार बरखास्त. मामाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, त्यात एका डोळ्याला संसर्ग झाला, आणि पिसांची धूळ डोळ्यात जायला नको म्हणून डॉक्टरांनी त्याला मागच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी केली. ती बंदी पुढे महिनोन्महिने लांबत गेली. बंदी आली त्याच दिवशी राजे आपण होऊन म्हणाले, पाखरांचं मी बघतो. मामीला भरून आलं. मलाही वाटलं, चला, आला घोडा गाडीला. चिंधीच्या आईबापांचा पिंजरा जागेवर दिसेना तेव्हा त्याने सांगितलं की ती शेजारच्यांशी भांडत होती म्हणून वरच्या खोलीत हलवली. वरच्या खोलीत त्याचंच राज्य. आम्ही मान डोलावली.

मग एक दिवस एक ओळखीची बाई सोफ्याचं कापड घेऊन आली. तिच्या हातात छोटा पिंजरा. "मामा आहेत का? म्हटलं, त्यांना दाखवावं. तुमच्याच घरची जात आणली मी." पिंजऱ्यात हिरवं पाखरू, शेंदरी तोंड, डोळ्याभोवती पुसट कडं. पिंजऱ्याला चिठ्ठी बांधलेली होती, तिच्यावर रंगीत अक्षरांत लिहिलेलं: टेलरमामा रेनबो.

मामा काळा चष्मा लावून बाकड्यावर बसला होता. त्याने ती चिठ्ठी बोटांत धरून डोळ्यांजवळ नेली. वाचली. मग गळ्यातली टेप काढून बाकड्यावर ठेवली. मामाने दिवसाढवळ्या टेप काढलेली मी कधी बघितली नव्हती. "राजेला बोलव," तो म्हणाला.

राजे आले आणि नाही नाही म्हणत सगळं ओकले. जोडी पाखरंवाल्याकडे होती. ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात दिली. मला वाटलं पैशांसाठी असेल, तर तसंही नाही. पाखरंवाल्याने त्याला भरीला घातलं होतं की तुझ्या बापाने एवढी मोठी गोष्ट केली आणि घरात दडवून ठेवली, आपण त्यांच्या नावाने जात काढू, गावोगाव नाव होईल. "बाबा, मला वाटलं तुम्हाला आवडेल," राजे म्हणाले. "पडदे शिवणाऱ्याचं नाव कोण लक्षात ठेवतं?"

हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक सणसणीत ठेवून द्यावी असं वाटलं आणि हात उचललाही असता, पण मामाने चप्पल पायात घातली होती. "चल," तो मुलाला म्हणाला. मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मागोमाग निघाले. ती बाईही पिंजरा घेऊन निघाली. कापड बाकड्यावर तसंच राहिलं.

पाखरंवाल्याच्या दुकानात दर्शनी भागातच काचेची मोठी पेटी केलेली होती. आत चिंधीसारखीच पाखरं, आणि त्यांना खेळायला म्हणून टाकलेले रंगीत कागद. समोर घोळका. आत एक मादी पट्टी पाठीत खोचत होती, पट्टी पडत होती, आणि ती पडली की घोळका खो खो हसत होता. पाखरंवाला हातवारे करून सांगत होता, "बघा, बघा, आता परत विसरणार. दिवसभर करमणूक, बॅटरी नको, चार्जिंग नको." त्या वेळी माझ्या तोंडून जे शब्द गेले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, आणि त्यातला एकही मी मागे घेणार नाही.

मामाने मला हाताने मागे केलं. तो काचेजवळ गेला, काळा चष्मा काढला आणि त्या सुजलेल्या डोळ्यांनी बराच वेळ आत बघत राहिला.

"विसरत नाही ती," मामा म्हणाला. "तिला दोघांचंही आठवतं. आईचंही आठवतं आणि बापाचंही आठवतं. म्हणून जमत नाही. असं पाखरू मुद्दाम बोलवून आणू नये."

आतली मादी पट्टी उचलत होती. आमच्याबरोबर आलेल्या बाईने हातातला पिंजरा हळूच गल्ल्याजवळ ठेवला आणि ओढणीने तोंड पुसलं. पाखरंवाल्याचा गोडवा तेव्हा उतरला. त्याच्या मते तुमच्या मुलाने राजीखुशीने जोडी दिली, नाव तुमचंच लावलं, फुकटात प्रसिद्धी केली, आता इथे येऊन माझी गिऱ्हाइकं का पिटाळता? "माझी जोडी," मामा म्हणाला. मामाचा आवाज चढलेला नव्हता, पण तो जागचा हलतही नव्हता, आणि घोळक्यातले दोघे-तिघे बाहेर पडले होते. शेवटी पाखरंवाल्याने हात झटकले. "न्या तुमची पाखरं. तशीही म्हातारी झालीत."

जोडी माशांच्या काचांच्या मागे अंधाऱ्या कोपऱ्यात होती. सारखी अंड्यावर बसवून मादी वाळून गेली होती, छातीवर पिसं उरली नव्हती. पिंजऱ्याला खोका होताच, त्यात मादी बसलेली. खोक्यासकट पिंजरा उचलला तो राजेंनी. जाताना त्याने दुसऱ्या हाताने काचेवरची बापाच्या नावाची पाटी ओढून काढली, कोपऱ्याला चिकटलेला कागद नखाने खरवडला. तेवढं बघून मी त्याला मनातल्या मनात थोडी सूट दिली. फार नाही.

काचेतली बाकीची पाखरं मात्र त्या माणसाचीच होती. ती आम्हाला आणता आली नाहीत. आणि ती खपली की त्याच्याकडे दोन्ही जातींची दुसरी पाखरं होतीच, युक्ती त्याला आता कळली होती. मामाच्या नावाची पाटी गेली, तर त्याने दुसरं नाव लावलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं की असं सुनावलं की माणूस सुधारतो. असं होत नाही. माझा तरी अनुभव तसा नाही.

घरी आल्यावर मामाने, डॉक्टरांची बंदी बाजूला ठेवून, मादीला खोक्यातून बाहेर काढलं. खाली एकच अंडं होतं. मामाच्या मनात काय आहे ते मला दिसत होतं. अंडं काढून टाकायचं, खोका माळ्यावर. पुन्हा चिंधी नको. भर चौकात दहा लोकांदेखत त्याने जे सांगितलं होतं त्याला धरून हेच होतं. रीत म्हणून त्याने अंडं मोबाईलच्या दिव्यासमोर धरलं. आम्ही सगळे वाकलो. आत लाल, केसाएवढ्या बारीक शिरा, आणि मध्ये काहीतरी हललं.

मामी पदर तोंडाला लावून उभी होती. राजे भिंतीला टेकून खाली बघत होते. मी म्हणणार होते की टाक ते, नाहीतर आणखी एक जन्मभर कागद उचलत बसेल. माझा राग खराच होता आणि माझं म्हणणंही चुकीचं नव्हतं, आजही मला तसंच वाटतं. पण तेवढ्यात मामाने अंडं तळहातात घेतलं आणि त्यावर दुसरा हात झाकला, गार होऊ नये म्हणून.

"अहो," मामी म्हणाली, "त्या माणसाला एवढं बोलून आलात."

"बोललो ना. मुद्दाम बोलवून आणू नये, हे बोललो," मामा म्हणाला. "आलेल्याला परत धाडा, असं नाही बोललो." आणि त्याने अंडं परत मादीखाली सरकवलं. तिने त्याच्या बोटाला चावा घेतला आणि अंगाखाली ओढून घेतलं.

पिल्लू निघालं. मामावरची बंदीही तोवर उठली होती. पिसांचे कोंब यायच्या आतच पाखरंवाल्याला कळलं. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. राजेंनी तरी देवाशपथ नाही म्हणून सांगितलं. एका सकाळी तो दारात उभा, पूर्वीसारखाच गोड, जसं काही झालंच नव्हतं. थेट मागच्या खोलीत गेला, खोक्यात डोकावला आणि पाखरं घाबरतील एवढ्या जोराने हसला.

"म्हणजे शेवटी तुम्हीही काढलंतच की, टेलरमामा. मग माझ्यावर एवढं तोंडसुख कशाला घेतलंत? आपण दोघं एकाच धंद्यातले."

मामाचं मशीन थांबलं. तो मान खाली घालून सुईखालच्या कापडाकडे बघत राहिला. उत्तर होतं, ते त्याने अंडं हातात घेतलं तेव्हा दिलेलं होतं, पण असल्या माणसाला ते परत सांगायची त्याची तयारी नव्हती. मामाला मान खाली घालून बसलेलं बघणं मला सहन होईना. मी एक स्टूल ओढलं, चिंधीच्या पिंजऱ्यासमोर ठेवलं आणि तिच्यापुढचा पडदा सरकवला.

"बसा," मी म्हटलं. "मामा बोलेल तुमच्याशी. ती थांबली की."

त्याला वाटलं गंमत आहे. बसला. मी खाकी कागद आत सरकवला. चिंधीने कड धरली, टोचत गेली, लांब सरळ पट्टी सुटली. मान वळवली, खोचली, पट्टी पडली. तो हसला. तिने उचलली, खोचली, पडली. तो पुन्हा हसला आणि आमच्याकडे बघितलं. कुणी हसलं नाही. तिने दुसरी कापली. खोक्याकडे चार पावलं गेली, थांबली, मान वळवली. पडली. राजे दारात येऊन उभे राहिले होते. मशीन बंद असल्यामुळे कागद टोचण्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. तिने तिसरी कापली.

मग तो हसायचा थांबला. स्टुलावर चुळबुळला. घड्याळ बघितलं. "हिला कंटाळा येत नाही?" त्याने विचारलं. पट्टी पडली. त्याने पिंजऱ्यावरची नजर काढून भिंतीकडे लावली, मग जमिनीकडे, पण आवाज येतच होता. "किती वेळ चालतं हे?"

"अंधार पडेपर्यंत," मामी आतून म्हणाली.

तो उठला. दुकान उघडं टाकून आलोय, असं काहीतरी पुटपुटला. पिल्लाबद्दल त्याने शब्द काढला नाही. तो दारापर्यंत गेला तेव्हा मामाने मान वर केली. इतक्या वर्षांत कुणाशी कडक आवाजात न बोललेला माझा मामा, आणि आवाज आताही कडक नव्हताच.

"बसा की," मामा म्हणाला. "अजून कुठे थांबली ती?"